रोमला आई-बाबांना घेऊन जातोय, कोलोसियम-फोरम किती बघायचं आणि कसं?

निवांत_नाशिककर:
नमस्कार मंडळी. मे महिन्यात इटलीला जायचं ठरतंय, मी, बायको, सातवीतली मुलगी आणि आई-बाबा. रोमला पूर्ण असे तीनच दिवस मिळतायत, पुढे फ्लोरेन्स आणि व्हेनिस आहे आणि ते बायकोच्या यादीतलं असल्यामुळे त्यात काटछाट होणार नाही. आता बाबांना जुन्या दगडांचं प्रचंड वेड, लहानपणी दर थोड्या दिवसांनी आम्हाला पांडवलेणीला न्यायचे आणि तिथल्या लेखांसमोर अर्धा अर्धा तास उभं करायचे, त्यामुळे त्यांना रोम म्हणजे रोमच बघायचंय, बाकी कशात रस नाही. पण आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर चालते ती, पायऱ्या आल्या की बसते. आणि मुलगी आत्तापासूनच विचारतेय की तिथे पण म्युझियमच का.

मेव्हणा गेल्या वर्षी जाऊन आला. तो म्हणतो, "अरे पडके खांब आहेत नुसते, बाहेरून फोटो काढा, आईस्क्रीम खा आणि पुढे निघा." आता त्याला विचारलं हेच चुकलं असं बायको म्हणते, पण खरंच आत जाण्यात अर्थ आहे का? गाईड लागतोच का? इथल्या एका ट्रॅव्हल एजंटने कोलोसियमचं 'रांगेशिवाय प्रवेश' म्हणून माणशी जो आकडा सांगितलाय त्यात आमचा शिर्डीचा गाडीखर्च निघेल. ज्यांनी वयस्कर माणसांना घेऊन केलंय त्यांनी जरूर सांगा.

डबल_कटिंग:
मी मिलानला राहते, उन्हाळा आला की भारतातून कोणी ना कोणी येतंच आणि मग रोमची फुकट गाईड मीच, त्यामुळे हे सगळं पाठ झालंय.

आधी एजंटला नमस्कार करा. कोलोसियमचं साधं तिकीट सरकारी साईटवर १८ युरोला मिळतं, २४ तास चालतं, आणि त्यातच फोरम (जुन्या रोमचा मुख्य चौक, आता अवशेष) आणि शेजारची पॅलाटाईन टेकडी दोन्ही येतात, वेगळं काही घ्यायचं नाही. वेळ फक्त कोलोसियमची ठरलेली असते. बुकिंग ३० दिवस आधी उघडतं, सकाळचे स्लॉट पटापट जातात म्हणून त्या दिवशी चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसायचं. १८ वर्षांखालच्यांना फुकट आहे पण मुलीचं शून्य रुपयांचं का होईना तिकीट त्याच बुकिंगमध्ये काढायलाच लागतं, हे लोक विसरतात आणि गेटवर वाद घालतात. महिन्याचा पहिला रविवार सगळ्यांना फुकट असतो, त्या दिवशी चुकूनही जाऊ नका, आपल्याकडच्या जत्रेची आठवण येईल.

सकाळी ८.३० ला उघडतं, तोच स्लॉट घ्या. मे मध्ये अकरानंतर ऊन लागायला लागतं आणि फोरममध्ये सावली फार कमी. कोलोसियममध्ये वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट आहे, गेटवर आईंचे गुडघे दाखवून विचारा, नाही म्हणत नाहीत सहसा. खालच्या तळघरांचं वेगळं महाग तिकीट असतं, ते आईंसाठी नको, पायऱ्या आहेत. मोठ्या सॅका आत नेऊ देत नाहीत आणि सामान ठेवायला तिथे सोय नाही, तेव्हा चेक-आउट करून बॅगा घेऊन थेट कोलोसियमला हा प्लॅन असेल तर आत्ताच बदला. पाणी विकत घेऊ नका, रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ आहेत, नाझोनी म्हणतात त्यांना, २४ तास वाहतात, थंडगार आणि पिण्याचं पाणी. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, मुलीला हे म्युझियमपेक्षा जास्त आवडेल बघा.

खरा त्रास फोरममध्ये आहे. सेक्रेड वे म्हणतात तो जुना रस्ता काळ्या मोठ्या दगडांचा, घासून गुळगुळीत झालेला आणि वरखाली. आईंना स्पोर्ट्स शूज घालायला लावा, सँडल नको म्हणजे नको.

शिलालेखवाला:
मेव्हण्यांना दोष देऊ नका. फोरममध्ये काही न वाचता शिरलेल्या माणसाला पडके खांबच दिसणार, कारण तिथे एका काळातली एक इमारत नाहीच, इसवी सनाच्या आधीपासून थेट ६०८ साली उभारलेल्या फोकस राजाच्या खांबापर्यंतचं सगळं एकाच खळग्यात एकमेकांच्या मांडीवर बसलंय. देवळं, कोर्ट, सभेची जागा, बाजार, विजयाच्या कमानी. नंतर रोम ओसाड पडलं, मातीचे थर चढत गेले आणि त्या जागेला काम्पो व्हाचिनो म्हणजे गुरांचं मैदान म्हणायला लागले, तिथे जनावरांचा बाजार भरायचा. म्हणून सगळं बघायचा हट्ट सोडा. चार-पाच गोष्टी घरूनच ठरवून जा आणि त्यांच्यासमोर निवांत उभे राहा.

पहिलं म्हणजे आत जायच्या आधी कॅपिटोलाइन टेकडीवर जा. वर जायला मिकेलअँजेलोने आखलेला रुंद चढ आहे, पायऱ्या अगदी बुटक्या, आईंनी सावकाश चढला तर जमावा. नगरपालिकेच्या इमारतीच्या बाजूने मागे गेलात की सज्जासारखी जागा आहे, तिथून पूर्ण फोरम पायाशी पसरलेलं दिसतं, तिकीट नाही. तिथे बाबांच्या हातात नकाशा द्या आणि पाऊण तास विसरून जा. आईंना एवढंच बघायचं असेल तरी त्यांनी फोरम बघितलं असं मी म्हणेन.

आत गेल्यावर सेप्टिमियस सेव्हेरसची कमान, इ.स. २०३. ही बाबांना नक्की दाखवा. राजा आणि त्याची दोन मुलं काराकाला आणि गेटा यांच्या नावाने उभारलेली. राजा २११ मध्ये वारला, त्याच वर्षी काराकालाने धाकट्या भावाला मारलं आणि फर्मान काढलं की गेटाचं नाव साम्राज्यात कुठेही दिसता कामा नये. कमानीवरच्या लेखाची चौथी ओळ बघा. तिथे गेटाचं नाव होतं, ते काढून बाप-लेकाच्या स्तुतीचे शब्द घुसडलेत. अक्षरं ब्राँझची होती, खिळ्यांनी बसवलेली, ती आता गेली, पण जुन्या अक्षरांच्या खिळ्यांची भोकं राहिली आणि ती आताच्या अक्षरांच्या खाचांशी जुळतच नाहीत. दुर्बीण न्या, किंवा फोनच्या झूमनेही दिसतं. अठराशे वर्षं झाली, खून अजून लपलेला नाही.

आणि तुम्ही नाशिकचे म्हणून सांगतो, बाबांना माहीत असेलच. १९०६ साली जोगळटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी क्षत्रप (शक राजा) नहपानाची. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या चेहऱ्यावरच स्वतःचा छाप मारलाय. नाणी वितळवून नवी पाडता आली असती की, पण हरलेल्याचा चेहरा आपल्या ठशाखाली दबलेला लोकांच्या हातात फिरला पाहिजे. पांडवलेणीत नहपानाचा जावई उषवदाताचा लेख आहे ना, दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णाला (सोन्याचं नाणं) पस्तीस कार्षापण (चांदीची नाणी) असा भाव दगडात कोरलेला, तो काळ आणि कोलोसियमचा काळ ढोबळमानाने एकच. बाबांना हा धागा देऊन ठेवा, ते तुम्हाला आणि गाईडला दोघांनाही ऐकवतील.

तिसरी गोष्ट अँटोनिनस आणि फॉस्टिना यांचं देऊळ. पुढे रोमन खांब, आत चर्च. चर्चचा दरवाजा बघा, जमिनीपासून कितीतरी वर हवेत लटकतोय, कारण चर्च बांधलं तेव्हा जमीन तिथपर्यंत चढलेली होती आणि नंतर उत्खनन करून खालची माती काढून टाकली. मातीचे थर म्हणजे काय हे मुलीला या दारावरून एका मिनिटात कळेल, कुठलंही पुस्तक नको. खांबांना वरच्या बाजूला तिरप्या खाचा आहेत, दोर बांधून पाडायचा प्रयत्न झाला होता म्हणतात, पडले नाहीत. बॅसिलिका ज्युलिया म्हणजे कोर्टाच्या इमारतीच्या पायऱ्यांवर लोकांनी खेळायचे पट खरवडून ठेवलेत, आत खटला चालू आणि बाहेर हे बसलेत सोंगट्या टाकत. ते शोधायचं काम मुलीला द्या.

कोलोसियमला आत जायच्या आधी बाहेरूनच दोन गोष्टी बघा. भिंतीला देवी आल्यासारखी भोकं पडलीत, ती युद्धाची नाहीत. दगड एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले होते, मध्ययुगात लोखंड महाग झालं तेव्हा लोकांनी खणून खणून ते काढून नेलं. आणि उत्तरेच्या उभ्या राहिलेल्या बाजूला कमानींवर रोमन आकडे कोरलेत, २३ पासून ५४ पर्यंतचे शिल्लक आहेत. एकूण ८० दारं, त्यातली ७६ नंबराची, तिकिटावर नंबर असायचा आणि त्याच दाराने आत. मुलीला ५४ शोधायला सांगा आणि शाळेत शिकवतात तसा लिहिलाय का ते बघायला सांगा. तिथे चार म्हणून चार उभ्या रेघा मारल्यात.

कंटाळा_प्रो:
काका नेहमीप्रमाणे मस्त लिहिलंत पण मी जरा उलटं बोलतो. बाहेरून बघायचं तेवढं कोलोसियम बघा आणि आतलं तिकीट वाचवा असं माझं प्रामाणिक मत, आत गर्दीत ढकलत ढकलत एक फेरी मारायची, सगळ्यांच्या डोक्यावर मोबाईल, आणि रिंगणाची फरशी थोड्याच भागात आहे त्यामुळे खालच्या तळघरांच्या भिंती बघत बसायचं. त्यापेक्षा एक सकाळ ओस्टिया अँटिकाला द्या. रोमचं जुनं बंदर. मेट्रोने पिरामिदेपर्यंत, तिथून लिडोची लोकल, अर्ध्या तासात पोचता आणि शहरातलं साधं दीड युरोचं तिकीट चालतं. अख्खं गाव उभं आहे, तीन मजली चाळी, बेकरीतली जाती, दारूचं दुकान आणि त्याच्या भिंतीवर खाण्याच्या पदार्थांचं चित्र, सार्वजनिक संडास, संगमरवरी बाकावर ओळीने भोकं, मध्ये पडदा वगैरे भानगड नाही. मुलगी परत आल्यावर शाळेत फक्त हेच सांगेल. थिएटरच्या मागे चौक आहे तिथे जहाजवाल्या व्यापाऱ्यांच्या ऑफिसांची ओळ, प्रत्येकाच्या दारात मोझॅकची पाटी, जहाजं, दीपगृह, एके ठिकाणी हत्ती. माणसं कमी, पाईनची झाडं, कोणी धक्का देत नाही. सोमवारी बंद असतं.

डबल_कटिंग:
कंटाळा, ओस्टिया मलाही आवडतं पण आईंचे गुडघे विसरलास. मुख्य रस्ता किलोमीटरभर लांब, तेच वेडेवाकडे काळे दगड, आणि बसायला पडक्या भिंतींशिवाय काही नाही. आणि पहिल्यांदा रोमला आलेल्या बाबांना कोलोसियम आतून बघू नका सांगणं म्हणजे पंढरपूरला नेऊन कळस दाखवून परत आणणं. मी तर म्हणते सकाळी लवकर आत जा, वरच्या मजल्यावर लिफ्टने, एका कमानीतून फोरम दिसतं तिथे थांबा, तासाभरात बाहेर. ओस्टिया हवंच तर बाबा आणि नातीने दोघांनी जावं, आई आणि सूनबाईंनी तेवढ्या वेळात पँथिऑन, म्हणजे ते घुमटाचं जुनं रोमन देऊळ.

पँथिऑनबद्दल कोणीच बोललं नाही अजून. आईंसाठी सगळ्यात सोयीचं तेच. सपाट, सावली, आणि सन ६०९ पासून चर्च असल्यामुळे आत बसायला बाकं. ५ युरो तिकीट आहे २०२३ पासून. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून वरपर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक अख्खा गोल चेंडू बरोबर बसेल. लोखंडाची सळई नाही, नुसतं काँक्रीट, वर जाताना हलके दगड मिसळत गेलेत. मध्ये जवळजवळ ९ मीटरचं उघडं भोक, पाऊस आला तर सरळ आत पडतो आणि फरशीला जरासा उतार आणि छोटी छिद्रं आहेत त्यातून निघून जातो. दुपारी एकच्या सुमारास जा, उन्हाचा गोल दारापाशी खाली उतरलेला असतो.

पोटोबा:
दगडांचं झालं, आता पोटाचं. शाकाहारी असाल तर रोममध्ये उपाशी राहत नाही, पिझ्झा बियांका, टोमॅटोचा पास्ता, मे मध्ये आर्टिचोक. पण सुप्ली नावाचे तळलेले भाताचे गोळे मिळतात ते बटाटेवडे समजून आईंना देऊ नका, बहुतेक ठिकाणी आत खिमा असतो, विचारून घ्या. चीजमध्येही पेकोरिनो वगैरे जुन्या पद्धतीची चीज कोकराच्या किंवा वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणारं द्रव्य) लावतात, तेव्हा कट्टर पाळणारं कोणी असेल तर आधीच सांगून ठेवा, तिथे जाऊन कळलं तर ट्रीप संपेपर्यंत ऐकावं लागेल.

आणि स्पॅनिश स्टेप्सवर बसायचं नाही हं, २०१९ पासून बंदी आहे, पोलीस शिट्टी मारतात आणि दंड २५० युरोपासून सुरू. आमच्या सासूबाई गुडघे धरून बसल्या तर एक शिट्टीवाली बाई धावत आली, आम्ही हात जोडले म्हणून सुटलो. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना रोममधल्या सगळ्यात प्रसिद्ध पायऱ्यांवर बसायला बंदी, काय बोलायचं. ट्रेव्ही कारंजं रात्री उशिरा किंवा पहाटे, मधल्या वेळेत पाणी दिसत नाही, माणसंच दिसतात.

कोलोसियमबाहेर कोणी हातात धागा बांधायला आला तर हात खिशात. रोमन शिपायाचे कपडे घातलेले असतात ते फोटोचे पैसे मागतात, आणि फोटो काढल्यावर भाव ठरतो.

भोकरदनची_पोरगी:
नेपल्स अजिबातच नाही का प्लॅनमध्ये? पाँपेई सोडा एकवेळ पण नेपल्सच्या म्युझियममध्ये आमच्या गावची बाई आहे हो! पाँपेईत १९३८ मध्ये एक हस्तिदंती मूर्ती सापडली, वीतभराहून थोडी जास्त उंच, दोन बाजूंना दोन दासी, अंगावर नुसते दागिने. तिला लक्ष्मी म्हणतात पण बहुतेक यक्षी असावी, आणि कसल्यातरी वस्तूचा पाय किंवा आरशाची मूठ असेल. व्हेसुव्हियस ज्वालामुखी ७९ साली फुटला आणि पाँपेई गाडलं गेलं, म्हणजे ती त्याच्या आधीच तिकडे पोचलेली. आणि तशाच घडणीच्या हस्तिदंती बाया आमच्या भोकरदनच्या उत्खननात आणि तेरला सापडल्यात, म्हणून काही अभ्यासक म्हणतात की ती इकडूनच गेली. जालन्यात हे कोणाला सांगितलं तर हसतात.

शिलालेखवाला:
हसू दे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन बघा म्हणावं. आणि उलटा मालही आलाय, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खननात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची रोमन घडणीची ब्राँझची छोटी मूर्ती निघाली, टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे, बहुतेक कोल्हापूरकर शेजारच्या बागेत भेळ खाऊन परत जातात. प्लिनी नावाचा रोमन लेखक तर रडतच होता की भारत दरवर्षी आमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. तोच प्लिनी व्हेसुव्हियसच्या त्या स्फोटात गेला.

नाशिककरांना मात्र तीन दिवसांत नेपल्स सांगू नका, रोमचंच भागणार नाही.

घाटवाट:
एक राहिलं. नातीला (आणि मेव्हण्यालाही) सांगा, किल्लीने भिंतीवर काही खरवडायचं नाही. २०२३ मध्ये एका पर्यटकाने कोलोसियमच्या भिंतीवर स्वतःचं आणि मैत्रिणीचं नाव कोरलं, कोणीतरी व्हिडिओ काढला आणि जगभर फिरला, तिकडे कायद्यात १५ हजार युरोपर्यंत दंड आणि तुरुंग आहे. आपल्याकडे गडावर बदामात नावं कोरणाऱ्यांना असा एकदा दणका बसायला हवा, पण तो वेगळा विषय, त्यावर सुरू झालो तर धागा भरकटेल.

निवांत_नाशिककर:
एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, थँक्यू. बाबांना वाचून दाखवलं. जोगळटेंभीवर ते लगेच म्हणाले की मला काय सांगतोस, आणि अर्धा तास त्यावरच गेला. चौथी ओळ मात्र त्यांना माहीत नव्हती, त्यासाठी माळ्यावरून दुर्बीण काढायला लावलीय.

तर ठरलं असं: पहिल्या दिवशी सकाळी कोलोसियम लिफ्टने, मग आईला हॉटेलवर सोडून बाबा आणि मी फोरम, २४ तासांचं तिकीट आहे म्हटल्यावर नाही झालं तर दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उरलेलं (हे चालतं का? की एकदाच आत जाता येतं?). दुसऱ्या दिवशी आईसकट टेकडीवरचा सज्जा आणि पँथिऑन. तिसऱ्या दिवशी बाबा आणि मुलगी ओस्टिया, संडासांचं वाचून ती स्वतःहून तयार झालीय. गाईड घेत नाहीये, बाबा आहेत.

अजून एक, बाबांच्या पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सगळं आहे, तिकिटावर पूर्ण टाकायचं का नुसतं नाव-आडनाव?

डबल_कटिंग:
फोरम-पॅलाटाईनला एकदाच आत जाता येतं, बाहेर पडलात की संपलं. त्यामुळे पहिल्या दिवशी आईंना सोडायला गेलात तर येताना पाणी, टोप्या, खाऊ सगळं घेऊनच आत शिरा आणि बाबा कंटाळेपर्यंत बाहेर येऊ नका. किंवा कोलोसियम पहिल्या दिवशी दुपारी उशिरा आणि फोरम दुसऱ्या दिवशी सकाळी, २४ तासांच्या आत, हे ऊन टाळायला जास्त बरं.

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, गिव्हन नेमच्या रकान्यात जे छापलंय ते सगळं आणि सरनेममध्ये आडनाव. तिकिटं नावाची असतात, गेटवर ताडून बघतात. त्या दिवशी ओरिजिनल पासपोर्ट जवळ ठेवा, आणि मेट्रोत तो पुढच्या खिशात.